धुराड्यातला डावा बूट

मी एक बूट बोलतोय. डाव्या पायाचा, चार वर्षांच्या पोरीचा. शुद्धलेखन चुकलं, शब्द साधे वाटले, तर पोटात घाला. जिच्या पायात होतो ती डॉर्कस अक्षरं गिरवण्याआधीच गेली. मग मला कोण शिकवणार?

कनेक्टिकटमधल्या एका गावात चांभाराने मला वासराच्या कातड्यातून शिवलं. मला घालून डॉर्कस कोंबड्यांमागे धावायची. धावून धावून अंगठ्यापाशी भोक पडलं, तेवढंच आमचं सुख. त्या हिवाळ्यात गावात घटसर्प आला. आधी तिचा थोरला भाऊ गेला, आठवड्याने ती. पाळण्यात तान्हा जोएल उरला.

तिकडे रीत होती. वापरलेला बूट धुराड्यात लपवायचा. वरून उतरणारी इडापिडा त्याला माणूस समजून आत शिरते आणि तिथेच अडकते. मुलांच्या आईने, मेहिटेबलने, मला विटांमागे ठेवलं. "माझ्या जोएलला राख रे," म्हणाली आणि वीट लावली.

जोएल जगला. मी राखलं की दैवाने, ठाऊक नाही. पण पावणेतीनशे वर्षं मी पहारा सोडला नाही.

मग डागडुजी करताना गवंड्यांनी मला बाहेर काढलं. आता मी खिडकीपाशी काचेच्या पेटीत आहे. ऑक्टोबर लागला की दारात कोरलेले भोपळे मांडतात आणि 'झपाटलेलं घर' बघायला रीघ लागते. घर दाखवणारा रॉइस माझ्यावर कंदील धरून आवाज खोल करतो, "याच चुलीपाशी मेहिटेबल चेटकिणीने पोटच्या पोरीचा गळा दाबला. उरला तो हा बूट!"

लोक किंचाळतात, हसतात, सफरचंदाचं गरम सायडर पितात. मग मागच्या दफनभूमीत जाऊन मेहिटेबलच्या दगडावर थुंकतात. यंदा कुणीतरी लाल रंग ओतला.

हॅलोवीनच्या आदल्या दुपारी लोविना आजी आली. जोएलच्या वंशातली ती शेवटची.

"रॉइस, खरं काय ते तुला माहीत आहे ना रे?"

"आहे, आजी. जुने कागद मीच शोधले."

"मग?"

"घटसर्प बघायला कोण येणार? छप्पर गळतंय. या महिन्याच्या गर्दीवर घर उभं आहे."

"म्हणजे घर वाचवायला घरधनीणच विकलीस! स्वतःच्या आईबद्दल सांगशील असं?"

रॉइस मान खाली घालून भोपळ्यातली मेणबत्ती सरळ करत राहिला.

"मी गेले की तिच्या बाजूने बोलणारं कुणी नाही. आज एकदा खरं सांग. एवढंच मागते."

"बघतो, आजी."

संध्याकाळी आजी मागच्या बाकावर बसली. रॉइसने कंदील उचलला. "याच चुलीपाशी..." म्हणाला आणि थांबला. माझ्याकडे बघत राहिला.

"अहो, झोपलात का? चेटकीण कुठाय?" गर्दीतून कुणी ओरडलं. हशा पिकला.

रॉइसने आवाज खोल केला. त्याचं सांगून होण्याआधीच आजी काठी टेकत निघून गेली.

बाबांनो, मला पुन्हा विटांमागे ठेवा. तिथे अंधार होता, पण मला मायेने ठेवलेलं होतं. मेहिटेबलला वाटायचं, इडापिडा धुराड्यातून येते. ती दारातून येते, रांग लावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी रॉइस बादली आणि ब्रश घेऊन दफनभूमीत गेला. गुडघे टेकून दगडावरचा लाल रंग घासत राहिला, मेहिटेबलचं नाव दिसेपर्यंत. मग आत आला, हात पुसले आणि संध्याकाळसाठी कंदिलात तेल भरलं.