मोठ्या गुरुवारचा धूर

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, अख्खं गाव उपास धरून रानभाजी आणि उकडलेल्या मसुरांवर दिवस ढकलत असताना, पोलिक्सेनीच्या वडिलांना सुवलाकी खायची इच्छा झाली. आर्गिरिसबाबांचं सगळं असंच अवेळी. लग्न केलं ते ऐन ऑलिव्हच्या तोडणीत, घराची कौलं उतरवली ती ऐन जानेवारीत, आणि आता पोटातल्या गाठीनं अंथरुणाला खिळल्यावर, दिवसाकाठी चार चमचे पेज कशीबशी पोटात ठरत असताना, त्यांना निखाऱ्यावर भाजलेलं मांस हवं होतं. तेही रविवारी नको, आज, गुरुवारीच.

रविवारी ईस्टरचं कोकरूच आहे की, असं पोलिक्सेनीनं समजावून पाहिलं. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. रविवारचं त्यांना काही सांगू नये, एवढंच त्या पाठीवरून तिला कळलं.

आजाऱ्याला उपास माफ असतो, त्यामुळे त्यांच्या खाण्याची तिला भीती नव्हती. भीती होती ती स्वतःच्या हाताची आणि जिभेची. ईस्टरआधीचा सात आठवड्यांचा मोठा उपास धरला त्याच दिवशी तिनं देवळात पानायियाच्या, येशूच्या माउलीच्या, तसबिरीपुढे नवस केला होता. ईस्टरपर्यंत मांस, अंडं, दूध तर नाहीच, तेलाचा थेंबसुद्धा ती तोंडाला लावणार नव्हती; माउलीनं फक्त बाबांना त्या दिवशी टेबलाशी बसवायचं. बाबा उन्हाळा बघतील असं डॉक्टर तर म्हणतच नव्हते, मग सौदा करायचा तरी कुणाशी? इतके आठवडे तिनं आपली बाजू पाळली होती. कोरड्या पावावर तिचे गाल बसले, आणि बाबांचे त्याहून जास्त.

स्टाथिस खाटकाच्या दुकानात सोललेली कोकरं रांगेनं टांगली होती. रविवारची आगाऊ मागणी सांगायला बायकांची गर्दी होती. सगळ्या जाईपर्यंत पोलिक्सेनी दाराशी रेंगाळली आणि मग हळूच म्हणाली, डुकराचं, मानेकडचं, थोडंसंच.

स्टाथिसनं सुरी पुसली. "कुत्र्यासाठी ना, ताई?"

तिच्याकडे मांजरसुद्धा नव्हतं. "हो," ती म्हणाली.

"मग कडेची चरबी राहू देतो. तुमच्या कुत्र्याला चरबी लागते, मला ठाऊक आहे." आणि त्यानं पुडक्यावर कागदाचा आणखी एक वेढा दिला.

घरी येऊन तिनं मांसाचे अक्रोडाएवढे तुकडे केले. बाबांची रीत तिला पाठ होती, कारण इतकी वर्षं ते तिला बाजूला उभी करून नुसती बघायला लावत. चिमट्याला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. कांदा किसायचा आणि मुठीत पिळून त्याचा रस तेवढा घ्यायचा, त्यानं मांस लोण्यासारखं होतं. मग ऑलिव्हचं तेल, तळहातावर चुरडलेला ओरेगानो, ठेचलेली लसूण, लाल वाइनचा एक घोट. लिंबू आत्ता अजिबात नाही; आधी घातलं की मांस पांढरं पडून भुसभुशीत होतं. लिंबू आणि मीठ दोन्ही आगीवरून उतरल्यावर.

तिनं बोटांनी सगळं चोळलं. कितीतरी आठवड्यांनी हाताला तेल लागत होतं. चव बघायला बोट आपसूक ओठांपर्यंत गेलं आणि तिथंच थबकलं. तोंडाला पाणी सुटलं होतं. बाप आत मरतोय आणि हिच्या तोंडाला पाणी सुटतंय. तिनं साबण लावून हात कोपरापर्यंत धुतले.

दुपारी अंगणात तिनं द्राक्षवेलीच्या वाळलेल्या काटक्या पेटवल्या. त्या भरभरून जळतात आणि त्यांचे निखारे गोड वासाचे होतात. गावात घरोघर अंडी लाल रंगात रंगत होती, भट्टीतून ईस्टरच्या गोड पावाचा वास येत होता. त्या वासात आपला वास लपेल, असा तिचा हिशेब होता. बोरूच्या काडीवर ओवलेल्या मांसाची चरबी पहिल्यांदा निखाऱ्यावर टपकली आणि हिशेब चुकला.

शेजारची गारिफालिया मावशी फाटकाशी आली. गावात कुणी कुठल्या दिवशी काय शिजवलं, हे ती नाकानं सांगायची.

"काटक्या जाळतेय, मावशी," पोलिक्सेनी म्हणाली.

"जाळ की. पण काटक्यांना ओरेगानो चोळून जाळणारी तू पहिलीच."

पोलिक्सेनीनं मान खाली घातली. मावशी फाटक उघडून आत आली. नवसाच्या दिवशी ती तिच्या शेजारीच उभी होती. आवाज खाली आणून तिनं बजावलं, त्याला घाल, खुशाल घाल, पण तू बोटसुद्धा चाटू नकोस. तू नवस मोडलास तर माउलीवर कसलं बंधन राहत नाही. एवढं सांगून ती गेली, आणि रस्त्यावर कुणाला तरी म्हणाली की पोलिक्सेनी जुनी गादी जाळतेय, ढेकूण झालेत.

पोलिक्सेनीनं मांस उतरवलं, मीठ भुरभुरलं, लिंबू पिळलं आणि ताटली आत नेली. उशा लावून तिनं बाबांना बसतं केलं. त्यांनी डोळे मिटून वास घेतला. तिनं एक तुकडा सोडवून, नखाएवढा करून त्यांच्या तोंडात दिला. ते तो जिभेवर घोळवत राहिले. गिळता येईना. शेवटी तिच्या तळहातावर तो परत आला, तेव्हा ते लाजले, लहान मुलासारखे.

"तू खा," ते म्हणाले. "मी बघतो."

"मला उपास आहे, बाबा."

"तुझे उपास मला दिसतात गं. आरशात बघ एकदा." थोडा दम घेऊन त्यांनी विचारलं, "माझ्यासाठी केलायस ना नवस?"

तिला खोटं बोलता आलं नाही. रविवारी तुम्ही टेबलाशी बसायचं, असं मागितलंय, ती म्हणाली.

बाबांनी ताटली बोटानं तिच्याकडे सारली.

"माझ्या नावचा आहे, मग सोडायचा हक्कही माझाच. सोडला. रविवारी मी नसलो तर तू माउलीशी भांडत बसशील, मला माहीत आहे. गार होतंय, पोरी."

ती उठून दारापर्यंत गेली. मावशीचं बोलणं कानात होतं. घरातल्या माउलीच्या तसबिरीखालचा दिवा जळत होता. नाही म्हणणं सोपं होतं; तीन दिवस अजून आशा धरता आली असती. मागं वळून तिनं पाहिलं, तर बाबांचे डोळे तिच्यावर नाही, ताटलीतून वर येणाऱ्या वाफेवर लागले होते, आणि वाफ विरळ होत चालली होती.

ती पलंगाच्या कडेला बसली. तिनं काडी उचलली आणि पहिला तुकडा दातांनी ओढून काढला.

"कसं झालंय?"

"मऊ," ती म्हणाली. डोळ्यांतलं पाणी तोंडात उतरत होतं. "कडेनं जरा करपलंय."

"घाई केलीस." त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी पूर्वीचा तोरा आला. "चरबीचा तुकडा घे आता. सावकाश."

तिनं घेतला. ती चावेल तसा त्यांचा जबडा किंचित हलत होता. काडी संपली तेव्हा त्यांची नजर तिच्या तोंडावरच होती, म्हणून तिनं दुसरी उचलली. पोट केव्हाच भरलं होतं. पण ती खात राहिली, एकेक घास होईल तितका लांबवत, कारण तिचं खाणं थांबलं की त्यांचं जेवण संपणार होतं.