कोल्ह्याचे डोळे

आखातात, अजमानला अण्णासाहेबांच्या पेंटिंगच्या दुकानात सूर्यकांत चौदा वर्षं पाट्या रंगवत होता. रेघ मारावी तर त्यानंच, असं सगळे म्हणायचे. मधूला येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. दोघं एका वयाचे, दोघंही कुडाळकडचे, एकाच खोलीत राहायचे. गावी मधू गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, डोळे आखायचा. सूर्यकांतही लहानपणी तशाच एका शाळेत राबला होता, पण डोळ्यांचा ब्रश त्याच्या हाती कुणी कधी दिला नाही. हे त्यानं मधूला सांगितलं नव्हतं.

दोन हजार एकच्या हिवाळ्यात लहान पोरांच्या एका नर्सरीच्या लेबनानी मॅडमचं काम आलं. तिला भिंतीवर एका जपानी कार्टून सिनेमातलं रान हवं होतं. सीडी तिनंच दिली. शुक्रवारी दोघांनी ती खोलीवर लावली. भाषा कळेना, पण गोष्ट कळली. डोंगरातला एक म्हातारा कोल्हा, तो त्या रानाचा देव. यंत्रं येऊन डोंगर कापतात, तेव्हा तो माणसाचं रूप घेऊन शहरभर हिंडतो, आपलं झाड शोधत.

"आपल्या राखणदारासारखाच रे," मधू म्हणाला. "देवराई तोडली तर त्यानं जायचं कुठे?"

सूर्यकांतच्या मनात नेमकं तेच आलं होतं. मधू ते आधी बोलला, एवढ्यानंही तो जळला.

दुसऱ्या दिवशी अण्णासाहेबांनी वाटणी केली. "झाडं सूर्यकांत, कोल्हा मधू. यल्ला, चला, चार दिवसांत खलास करा."

"कोल्हा मी काढला असता."

"तुझी लाइन फर्स्ट क्लास आहे रे. पण जीव मधूच्या हाताला."

तिसऱ्या दिवशी कोल्हा पुरा झाला. नर्सरीतली पोरं त्याच्यापुढून हलेनात. एका चिमुरडीनं हातातलं बिस्किट त्याच्या तोंडाशी धरलं. "ही इज लुकिंग ॲट मी," मॅडम हसून म्हणाली. सूर्यकांतच्या झाडांकडे कुणी मान वळवली नाही.

"कसा झालाय?" मधूनं विचारलं.

"ठीक. शेपूट जरा जड वाटते."

शेपूट मुळीच जड नव्हती.

दुपारी पोरं घरी गेली, मधू गावी फोन लावायला बाहेर पडला. सूर्यकांतनं चिंधी थिनरमध्ये बुडवली आणि कोल्ह्याच्या ओल्या डोळ्यांवरून फिरवली. काळा रंग गालावरून ओघळला. मग तो मुकाट्यानं आपली पानं रंगवायला बसला.

मधू आला आणि भिंतीपुढे उभाच राहिला.

"रंग उतरला रे."

"भिंतीला ओल असेल."

मधूनं डोळे तीनदा पुसून तीनदा काढले. हात बसेचना. संध्याकाळी अण्णासाहेब आले, वैतागले. "सूर्यकांत, आता तूच बघ."

चाळीस वर्षांच्या सूर्यकांतच्या हाती अखेर तो बारीक ब्रश आला. त्यानं श्वास रोखून डोळे आखले. दोन्ही नीट, अगदी सारखे. मॅडमनं "व्हेरी नाइस" म्हणून काम पास केलं. पण सूर्यकांतला कळत होतं, कोल्हा आता कुणाकडेच बघत नव्हता.

पुढच्या आठवड्यात मधूनं बॅग भरायला घेतली. दुबईकडे जबल अलीच्या एका गोदामात पेंटरची जागा मिळाली होती.

"राहा की," सूर्यकांत म्हणाला.

"थिनरचा वास आला होता मला त्या दिवशी." मधूनं शर्टाची घडी घातली. "आणि ओल असती तर तुझी पानंही उतरली असती."

"मग बोलला का नाहीस?"

"अण्णासाहेबांनी तुला त्याच दिवशी घरी धाडलं असतं. तुझी पोर बारावीला आहे ना?"

खाली कंपनीच्या बसनं हॉर्न दिला. 'माफ कर' हे शब्द सूर्यकांतच्या ओठांशी आले होते. पण त्यांच्याआधी मनात आलं ते वेगळंच: हा मोठेपणाही यालाच जमावा! स्वतःची शरम वाटूनही ते जाईना. त्यानं बॅगेचा एक बंद धरला, दुसरा मधूनं, आणि दोघं जिना उतरले.