डोळ्याची मागणी

खिडकीचा तिसरा गज आज जरा जास्तच वाकलेला... मधोमध, कुणी गुडघा लावून दाबल्यासारखा. प्रभाकरनं डावा डोळा मिटला, गज सरळ. उजवा मिटला, गज वाकडा. म्हणजे गजाचं काही बिघडलेलं नाही, असं त्यानं स्वतःला सांगितलं, पण तिऱ्हाइताच्या दुखण्याबद्दल बोलावं तसं, थंडपणे.

सिंधीपुऱ्यातल्या पॉवरलूमच्या कारखान्यात तो कापड तपासतो. खाली दिवा, वर काच, काचेवरून सरकणारं कापड, आणि उजवा डोळा मिटून डाव्यानं बघायची सवय – उस्तादानं लावलेली; दोन्ही उघडे ठेवले की एक दुसऱ्याची चूक सांभाळून घेतो म्हणून. आता बोला! बाकीच्या मागांवर साधं पांढरं कापड, चौकडी फक्त एकाच विणकराच्या, दगाच्या मागावर. आणि दगाच्या चौकडीला पोक दिसायला लागला; प्रभाकर त्याचं कापड नापास करत गेला. “भाऊ, एक बार कापडाला मोजपट्टी लावून तर बघा ना,” दगा काकुळतीला येऊन म्हणायचा. पट्टी? उभा जन्म डोळ्यांत तेल घालून बसलेल्या माणसानं पट्टी लावायची? नाही लावली. होळीनंतर मालकानं दगाला काढलं. त्याची बायको रंभाबाई घरी येऊन रडून गेली, प्रभाकरच्या मुलीनं, सायलीनंच तिला चहा दिला...

आणि वाकडं दिसत होतं दिवाळीपासून. दाराची चौकट, जिन्याची कड, सगळंच. शुगर असेल, म्हणून तो ढकलत राहिला. घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. सायलीला कळलं ते गेल्या आठवड्यात, तेही कधीपासून हे सोडून.

रिक्षा शनवारा चौकाहून दवाखान्याकडे वळली. शेजारी सायली; ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. गप्प बसेल तर शपथ.

“शुगरनं डोळ्याच्या पडद्यातल्या रक्ताच्या बारीक नळ्या बंद पडतात, पप्पा. मग पडदा रक्त मागतो, मागणीचं एक प्रोटीन सोडतो. ते नळीच्या पेशीवरचे दोन रिसेप्टर, म्हणजे निरोप झेलणारे हातच, एकदम धरतं. त्यांची जोडी जमली की मगच आत निरोप जातो – वाढा म्हणून. पण या नव्या नळ्या कच्च्या. गळतात. पडदा सुजतो, रेघ वाकते.”

“आणि ते डोळ्यात टोचायचं इंजेक्शन, तू म्हणत होतीस ते?” प्रभाकरनं विचारलं.

“त्या औषधाची बनावटच रिसेप्टरसारखी. प्रोटीन फसतं, त्यालाच जाऊन चिकटतं. असलीवाला रिकामाच राहतो. निरोप बंद.”

“मग डोळा मागायचं थांबतो?”

“नाही ना. तो तर मागतच राहतो. म्हणून तर परत परत टोचायचं.”

मागतच राहतो... प्रभाकरला त्या डोळ्याची उगीच दया आली. मागणं खरं, भूक खरी, आणि मिळतं ते असलं गळकं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पडद्याचा फोटो उजेडात धरला. “सूज आहे. किती दिवस झाले वाकडं दिसतंय? नीट आठवून सांगा. जुनं असेल तर नजर परत येईलच असं नाही.”

त्याला आठवायचं नव्हतंच. दिवाळी – शब्द जिभेवर आला होता. पण बाजूच्या खुर्चीत सायली होती, तिला होळी ठाऊक होती, दगा ठाऊक होता, हिशेब लागायला तिला कितीसा वेळ!

“पंधरा-वीस दिवस,” तो म्हणाला.

बाईंचा प्रश्न बाहेरच, त्या खोट्या उत्तराला चिकटून राहिला. आत काही पोचलं नाही. किती सोपं गेलं ते, याचंच त्याला नवल वाटलं.

“मग काळजी नको,” बाई हसल्या. “ताजं आहे. बरंच सुधारेल.”

सायलीनं त्याचा हात घट्ट धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बिचारी आठवडाभर जेवली नव्हती धड. किती आनंद झाला होता तिला! तो तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याला कळलं की ही आशा पंधरा दिवसांच्या डोळ्यासाठी आहे. दिवाळीपासूनच्या डोळ्याचं काय होतं, हे त्याला आता कुणाला विचारता येणार नव्हतं.