छप्पन नंबरचं भोक

मित्रांनो, मी एक जुना खिळ्यांचा तक्ता आहे. माझ्या अंगावर एकशे छत्तीस खिळे होते. आज एकशे पस्तीस आहेत. जो नाही, त्याचीच गोष्ट मला सांगायची आहे.

नागपुरातल्या एका कॉलेजच्या गणित विभागात माझा जन्म झाला. तिथला शिपाई जितेंद्र याने कळमन्याच्या बाजारातून संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या आणल्या आणि प्लायवूडवर ठोकून मला उभं केलं. पहिलं वर्षभर माझ्या अंगाला संत्र्याच्या सालीचा वास येत असे.

मला बनवून घेतलं ते नूपुरने. नागपूरच्या महाल भागात राहणारी ही संशोधक मुलगी एकाचं मत दुसऱ्याकडे कसं जातं, याचं गणित मांडत होती. संगणक होताच; पण मत सरकताना डोळ्यांना दिसावं, म्हणून तिला मी हवा होतो. नरखेड तालुक्यातल्या एका गावात ती घरोघरी गेली आणि विचारलं, 'तुम्ही कोणाचं ऐकता?' फक्त एका घरी ती गेली नाही. 'तिथं काय जाता,' असं शेजारी म्हणाले. तिने वहीत नुसता नंबर लिहिला.

एक घर म्हणजे एक खिळा. जे घर ज्याचं ऐकतं, त्याच्या खिळ्यापर्यंत दोरा. दोरे बांधताना जितेंद्रने विचारलं, "मॅडम, फक्त बायकोचं ऐकते असं एकबी घर नाही का या गावात?"

"आहेत की. पण तो दोरा घरातल्या घरात फिरतो," नूपुर म्हणाली.

गावात तेव्हा एक मत पसरत होतं. जिजाबाई संत्र्याची कलमं बांधून विकत असे. तिच्याकडून नेलेल्या कलमांपैकी अकरा झाडांच्या बुंध्यांतून गावातल्या रुपरावांच्या बागेत डिंक वाहू लागला. कोणीतरी फोटो काढून गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, जिजाबाईची कलमं रोगट आहेत. तिच्याकडे चार हजार कलमं विक्रीला तयार होती. गिऱ्हाईक येईनासं झालं.

नूपुरने खिळ्यांना कागदी टोप्या घातल्या. कलमं चांगली म्हणणाऱ्याला पांढरी, रोगट म्हणणाऱ्याला लाल. दर फेरीत प्रत्येक खिळा ज्यांचं ऐकतो, त्यांच्यात जो रंग जास्त, ती टोपी त्याला मिळायची. सुरुवात करण्याआधी तिला दिसलं, की छप्पन नंबरच्या खिळ्याकडे एकही दोरा येत नाही. तो जिजाबाईचा होता. ज्याचं कोणीच ऐकत नाही, तो असला काय नि नसला काय, उत्तर तेच येतं. हे गणित बिनचूक होतं. तिने पक्कड घेतली. खिळा निघताना माझ्या लाकडातून बारीक आवाज आला. तो फक्त मी ऐकला.

आठव्या फेरीत मी पूर्ण लाल झालो. आठव्या आठवड्यात गावही झालं. विभागाचे विश्वनाथ सर खूश झाले. मला परिषदेत नेलं, लोकांनी माझ्याजवळ उभं राहून फोटो काढले. त्या फोटोंत भोक दिसत नाही.

मग एका दुपारी जिजाबाई आली. नागपूरच्या पोरीने अख्खं गाव फळीवर मांडलंय, असं तिच्या कानावर गेलं होतं. एसटीने आली होती, हातात ओल्या पोत्यात गुंडाळलेलं एक कलम होतं.

"मले दाखव वं बाई, मी कुठी आहो ते."

नूपुरचं बोट माझ्यावरून फिरलं आणि थांबलं. जिजाबाईने स्वतःचं बोट पुढे करून त्या भोकावर ठेवलं. तिच्या नखात माती होती.

"तू आली तवा फोटो येऊन आठ दिवस झाले होते," ती आवाज न चढवता म्हणाली. "त्याच्या आंधी विचारती, तर? बुडाशी पाणी साचलं का डिंक येतेच, हे साऱ्या गावाले मीच सांगत होती. अन् माह्याच दारी काहून नाही आली तू?"

कलम टेबलावर ठेवून जिजाबाई निघून गेली.

नूपुर पुन्हा गावात गेली. या वेळी प्रश्न वेगळा होता: तो फोटो येण्याआधी कलमांबद्दल कोणाला विचारायचात? एक्कावन्न घरांनी जिजाबाईचं नाव घेतलं. त्यात रुपरावही होते. नूपुरने छप्पन नंबरचा खिळा परत ठोकला, एक्कावन्न दोरे बांधले, त्याला कधीच न बदलणारी पांढरी टोपी घातली. पुन्हा पहिल्यापासून फेऱ्या घेतल्या, तेव्हा चौथ्या फेरीत मी पूर्ण पांढरा झालो.

हे सांगायला ती धावत गावी गेली. जिजाबाईच्या दाराला कुलूप होतं. चार हजार कलमं उपटून बांधावर टाकलेली, वाळलेली. जिजाबाई लेकीकडे निघून गेली होती. कुठल्या गावी, हे कोणी विचारलं नव्हतं. कलमं रोगट असं का बोललात, हे नूपुरने दारोदार विचारलं. प्रत्येकाने एकच उत्तर दिलं, "बाकीचे तसं म्हणून राहिले होते."

परत आल्यावर तिने छप्पन नंबरचा खिळा स्वतःच्या हाताने काढला. जी गावात नाही, तिचा खिळा ठेवणं खोटं झालं असतं. दोरे मात्र तिने सोडले नाहीत.

जिजाबाईचं कलम नूपुरने विभागाच्या खिडकीखाली लावलं. त्याला डिंक आला नाही.

मी आता कपाटामागे असतो. पंखा लागला, की त्या एक्कावन्न दोऱ्यांची मोकळी टोकं हलतात आणि भोकाभोवती चाचपडत राहतात. कोणाला तरी शोधत असल्यासारखी.

मित्रांनो, 'त्याचं कोण ऐकतं?' असं कोणाबद्दल म्हणाल, तेव्हा पक्कड उचलण्याआधी एकदा त्याच्या दारावर थाप मारा. दार उघडायला तिथे कोणी आहे, तोवरच.