शेवंतीची खिडकी

पुठ्ठ्याच्या मधोमध ती चीर — एका ओळीच्या उंचीची, डावीकडे जराशी फाटलेली, आणि फाटलं तिथं भाताचं शीत लावून कुणीतरी कागदाचा तुकडा चिकटवलेला... कुणीतरी कसलं, शेवंतीनेच. वासंती विजयकरने खण उघडला होता टाचण्यांसाठी. टाचण्या राहिल्या बाजूला आणि हाताला लागला हा जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा, ज्याच्या पाठीवर अजून अर्धा गुरुवार आणि सबंध शुक्रवार शिल्लक होता. चार वर्षं तो याच खणात आहे, हे काय तिला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. म्हणून तर टाचण्या ती नेहमी शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडून मागून घ्यायची. आज त्या बाई आल्या नव्हत्या.

टाचणी लावायची होती ती समोरच्या छापील फॉर्मला. हेडमास्तर कर्णिकांनी सकाळीच शिपायाबरोबर पाठवला होता. जूनपासून काही निवडक शाळांत मागे पडणाऱ्या मुलांसाठी विशेष वर्ग उघडायचे होते, आठवी-नववीचे. शाळांनी माहिती भरून द्यायची. सातवा प्रश्न — ‘आपल्या शाळेत पूर्वी असा वर्ग चालवला होता काय? असल्यास परिणाम?’ — आणि त्यापुढे कर्णिकांच्या सुबक अक्षरात, पेन्सिलीने: ‘होय, १९५५-५६. परिणाम अत्यंत समाधानकारक. सर्व विद्यार्थी वाचू लागल्याने वर्ग बंद करण्यात आला.’ तिने फक्त शाईने गिरवायचं, खाली वर्गशिक्षिका म्हणून सही ठोकायची आणि पाचच्या आत द्यायचं. दोन मिनिटांचं काम. दोन वाजल्यापासून ती ते करत होती आणि आता साडेतीन होत आले होते. खाली पटांगणात मुली लेझीम घोटत होत्या, एक मेच्या तयारीचं. महाराष्ट्र राज्य व्हायला पाचच दिवस राहिले होते आणि सगळ्या परळला लगीनघाई झाली होती.

सर्व विद्यार्थी वाचू लागल्याने... वाचत होते ग बाई, वाचत होते! पोपट वाचतात तसे.

पंचावन्नच्या मेमध्ये ती माटुंग्याला चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला गेली होती, तेव्हा तिथले एक म्हातारे अध्यापक म्हणायचे, ‘डोळा घसरतो हो, बुद्धी नाही.’ त्यांनीच ही खिडकी शिकवली. पुठ्ठ्याला चीर पाडायची, तो पानावर ठेवायचा, एकच ओळ दिसते, बाकीचं पान झाकलेलं. मग डोळ्याला पळायला जागाच राहत नाही. एवढीशी गोष्ट! ती भारावून परत आली, कर्णिकांच्या डोक्याशी कटकट करकरून जिन्याखालची डंबेल्सची खोली मिळवली आणि नऊ मुलं गोळा केली. एकाला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, आणि आठ वर्षं सगळे त्याला उर्मट समजून छड्या मारत होते. एकाची गणितं बरोबर, शब्द उलटेपालटे. हजेरीपटावर नाव ‘विशेष वर्ग’, शाळेच्या तोंडी ‘ढ वर्ग’. घरी गिरगावात श्यामकांत, तिचा थोरला भाऊ, चहाचा कप खाली ठेवून म्हणाला होता, ‘पालथ्या घड्यावर पाणी ओतायला आता ट्रेनिंग लागतं होय ग?’ ती हसली होती. तेव्हा हसू येत होतं.

आणि शेवंती. तिचा बाप जयवंत तावडे गिरणीत मागावरचा साचेवाला, तिला हाताला धरून घेऊन आला होता, पायांतल्या चपला दाराबाहेर काढून. ‘चेडू हुशार आसा, बाई. एकदा आयकला की इसरणा नाय. पन पुस्तक उघडला की तोंड बंद.’ अगदी खरं होतं. सातवीपर्यंत पोरगी नुसत्या कानांवर चढत आली होती. कुणीतरी मोठ्याने वाचायचं, हिने ते उचलायचं आणि बोट फिरवत म्हणून दाखवायचं. तेरा-चौदा वर्षांची, पण पानाकडे बघताना मान कासवासारखी आत ओढून घ्यायची.

डिसेंबरात तिने वाचलं. खरंखुरं. खिडकीतून, एकच ओळ — ‘विहिरीवर रहाट आहे’ — वीस मिनिटं लागली, वरच्या ओठावर घाम आला, आणि शेवटचं अक्षर झाल्यावर तिने पुठ्ठ्यावरून बोट उचललंच नाही. हळूच म्हणाली, ‘बाई, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं ना?’ नव्हतं ग. कुणीही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी वासंती ट्राममधून ठाकूरद्वारच्या आधीच उतरली, उगाचच, चालावंसं वाटलं म्हणून. तसा दिवस पुन्हा आला नाही.

मग छप्पन्नचा जानेवारी. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन, गोळीबार, संचारबंदी, लालबाग-परळ सगळं बंद. तीन आठवडे शाळेला कुलूप. गिरगावातून बाहेर पडायची सोय नव्हती आणि शेवंतीच्या चाळीतून दोन जण गेल्याचं कानावर आलं होतं. शाळा उघडली तेव्हा नवातली सातच मुलं परतली. शेवंती आली ती पुन्हा पहिल्या पायरीवर, अक्षरं पाहून गप्प. आणि त्याच आठवड्यात पत्र — दहा दिवसांनी इन्स्पेक्शन, विशेष वर्ग पुढे चालू ठेवायचा की नाही ते साहेब प्रत्यक्ष बघून ठरवणार.

आता ‘दाखवायचा धडा’ काय असतो, हे शाळेत पाऊल टाकलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. इन्स्पेक्शनच्या आधी प्रत्येक वर्गात एक धडा घोटून घेतात, पुस्तकाला खूण करून ठेवतात, साहेब आले की ते पान आपोआप उघडतं. त्याला कुणी खोटं म्हणत नाही. भिंतींना चुना लावतात, तसंच हे. कर्णिक म्हणाले होते, ‘विजयकरबाई, वर्ग टिकायला हवा असेल तर पोरं वाचताना दिसली पाहिजेत.’ तिला बोलता आलं असतं. सर, ती अजून वाचत नाहीत, एका मुलीने डिसेंबरात एक ओळ वाचली, मला आणखी एक वर्ष द्या — एवढंच. दहा दिवस होते. पण शिक्षकांच्या खोलीत ‘ढ वर्ग’ म्हणून चालायचं ते हसणं आठवे, श्यामकांतचा पालथा घडा आठवे, आणि मनाची समजूत अशी काढली, की हे मुलांसाठीच चाललंय! मुलांसाठी कसलं... माझ्यासाठी. माझं नाक वर राहावं म्हणून. मीच केलं ते, कुणी माझा हात धरून करवून घेतलं नाही.

धडा दीपस्तंभाचा होता. शेवंतीने तो दुसऱ्या ऐकण्यात उचलला. इतका सफाईदार, की वासंतीलाच भीती वाटली. म्हणून मग — हे आठवलं की आजही तिचे कान गरम होत — तिने तिला अडखळायला शिकवलं. ‘अगदी सरळ गेलीस तर संशय येईल ग. ‘दीप’ म्हण, थांब, माझ्याकडे बघ, मी मान हलवीन, मग ‘स्तंभ’ म्हण.’ दहा वेळा घोटून घेतलं. वाचायला शिकवायचं ते राहिलंच, आणि न येण्याचं नाटक मात्र पक्कं झालं.

साहेब भला माणूस होता. हेच तर दुर्दैव! खेकसणारा असता तर एखादं मूल घाबरून गडबडलं असतं आणि पितळ उघडं पडलं असतं. तो स्टुलावर बसला, मुलांना नावं विचारली. शेवंती उभी राहिली, खिडकी पानावर ठेवली, ओळीओळीने खाली सरकवत सबंध पान म्हणाली. ‘दीप’पाशी थांबली, बाईंकडे पाहिलं, बाईंनी मान हलवली. साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने पुढे होऊन तिच्या हातातला पुठ्ठा काढून घेतला आणि वासंतीच्या टेबलावर ठेवला. ‘हिला आता याची काय गरज?’

तेव्हा शेवंती जवळ सरकली होती. कुजबुजत म्हणाली होती, ‘बाई, मी वाचलं नाय ते. सांगू का त्यांना?’

‘बस खाली.’

दोन शब्द. दोनच.

पुढचं सगळं कसं अगदी सरळ झालं. मुलं वाचतात, तर वेगळा वर्ग कशाला? शेरा उत्तम, अभिनंदन, जूनपासून सगळी नेहमीच्या वर्गात. जयवंत तावडे पेढे घेऊन आला. आणि नववीत शेवंती पेपर कोरे टाकू लागली, तेव्हा त्याच जयवंताने तिला जिन्यात सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. ‘सायबासमोर वाचतंस आणि परीक्षेत वाचूक नको?’ शिक्षकही तेच म्हणत. ढ म्हणून सुटली असती बिचारी. आता ती हट्टी ठरली, माजोरी ठरली. वासंती तेव्हा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती, हातात वह्यांचा गठ्ठा होता. खाली उतरली नाही. वर्षभरात शेवंतीचं नाव कमी झालं.

पाच वाजता तिने फॉर्म उचलला, पुठ्ठा का कोण जाणे पर्समध्ये टाकला, आणि कर्णिकांसमोर जाऊन उभी राहिली.

‘सर, सातव्याचं उत्तर खरं नाही.’

कर्णिकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, एवढंच. ‘ते तुम्हालाही माहीत आहे बाई, मलाही. पण खरं लिहिलंत, तर वर्ग जाईल दुसऱ्या शाळेला. आपल्या यादीत अकरा पोरं आहेत. तुमचं मन स्वच्छ व्हावं म्हणून त्यांनी मागे राहायचं?’

वासंतीने फॉर्म टेबलावर ठेवला नाही.

‘उद्या सकाळी द्या,’ कर्णिक म्हणाले. ‘पण द्या.’

ट्रामच्या थांब्यावर गर्दी होती. एक तरुण बाई शेजारच्या माणसाला विचारत होती, ‘दादा, ही दादरला जाते का हो?’ समोर ट्रामच्या कपाळावर पाटी होती, हाताएवढी अक्षरं. माणूस ‘दिसत नाही का’ म्हणून खेकसला. बाईने मान आत ओढून घेतली — आणि त्या मानेवरून वासंतीने तिला ओळखलं. वळून निघून जावं, असं पहिल्यांदा वाटलं. खोटं कशाला बोला! पण शेवंतीनेच पाहिलं.

‘अगो बाई! बाई, तुम्ही!’ ती वाकली ती थेट भर रस्त्यात पायांवर. अंगाने भरली होती, गळ्यात मंगळसूत्र. गेल्या वर्षी लग्न झालं, नवरा दादरला छापखान्यात. ‘छापखान्यात, बाई! काय नशीब बघा माझं,’ म्हणून खळखळून हसली. तिच्या हसण्यात टोचणं नव्हतं, हे वासंतीला जास्त लागलं. मग पोलक्यातून तिने एक कार्ड काढलं, घडी पडलेलं. ‘बाबांचं आलंय गावावरनं. दोन दिवस झाले. ह्यांची जादा पाळी, शेजारीण माहेरी. वाचता का जरा?’

वासंतीने वाचलं. चि. सौ. शेवंतीस अनेक आशीर्वाद; पत्र लिहिण्यास कारण की, पडवीचं छप्पर शाकारून झालं, आईचा गुडघा बरा, काजू यंदा कमी... आणि शेवटी, ‘उत्तर दुसऱ्याकडून लिहून पाठवू नये. तू हायस्कुलात शिकलेली, साहेबांसमोर वाचलेली. स्वतःच्या हाताने लिही.’ तेवढं तिने भरभर वाचून टाकलं.

शेवंतीने ओठ हलवत सगळं कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत परत म्हटलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. ‘राहिलं,’ ती म्हणाली. ‘माझं तसंच आहे अजून. तुमचा तो धडा पण आहे बघा!’ आणि नको नको म्हणेपर्यंत तिने सुरुवात केलीही, ‘समुद्राच्या मधोमध एका काळ्या खडकावर एक दीप...’

थांबली. बाईंकडे पाहिलं.

चार वर्षांनी, परळच्या त्या गर्दीत, ती मान हलण्याची वाट बघत होती. वासंतीची मान हलेना.

‘चुकलं का, बाई?’

‘नाही ग... तुझं नाही.’ तिने पर्समधून पुठ्ठा काढला आणि तिच्या हातात ठेवला.

‘माझी खिडकी!’ शेवंतीने ती उलटसुलट करून पाहिली, शिताने चिकटवलेल्या तुकड्यावरून बोट फिरवलं. ‘तुमच्याकडे होती होय? मी सगळं घर पालथं घातलं होतं, बाई. मला वाटलं, हरवली माझ्याकडून, म्हणून वाचता येईना झालं. माझीच चूक.’

‘तू ती हरवली नाहीस,’ वासंती म्हणाली. ‘मी ठेवून घेतली होती.’

ते शेवंतीला नीट कळलं की नाही कोण जाणे. तिने कार्ड आणि पुठ्ठा एकत्र करून पोलक्यात सारले. ‘बघते घरी जाऊन,’ म्हणाली, आणि दादरची पुढची ट्राम आली तशी चढली. वर चढताना तिने पुन्हा कुणाला तरी विचारलंच, दादरला जाते ना.

वासंती गिरगावच्या बाजूला चालू लागली. पर्समध्ये आता तो फॉर्म तेवढा होता. अकरा मुलं... कर्णिक खोटं बोलत नव्हते. पण पेन्सिलीवर शाई फिरवली तर फेब्रुवारीत इन्स्पेक्शनला पुन्हा एक धडा निघेल, पुन्हा कुणाला तरी कुठे अडखळायचं ते शिकवावं लागेल. आणि नाही फिरवली तर या शाळेत ती खोलीच उघडणार नाही. दोन्हीकडे मुलंच होती. चार वर्षं ती एकाच भीतीने जगली होती, की कुणी विचारेल. आज चालता चालता तिला वाटलं, विचारावं. कर्णिकांनी नव्हे, फॉर्मनेही नव्हे. रात्री जेवताना श्यामकांतने सहज विचारावं, काय ग, तुझ्या त्या वर्गाचं पुढे काय झालं? आणि मग दीप म्हणून थांबायचं नाही, सगळं सांगून टाकायचं. फक्त आधी कुणीतरी विचारायला हवं होतं, आणि श्यामकांत कधीच काही विचारत नसे.