चार बोटांचा सौदा

एकोणऐंशी साली मी अंतराळातला कापडाचा धंदा बुडवला. तेव्हा मी सांगलीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो. या दोन गोष्टींचा संबंध नाही, असं मी आजही सांगतो.

शेजारचे नानासो लष्करातून निवृत्त झालेले. त्यांच्या पुतण्यानं अमेरिकेहून एका खेळाचं पुस्तक पाठवलं. पट नाही, सोंगट्या नाहीत. फासे टाकायचे आणि आपण यानातले व्यापारी आहोत असं समजून बोलायचं. ग्रहाग्रहांवरची माणसं म्हणजे नानासोच. यानात आम्ही दोघं : मी कप्तान आणि माधवनगरच्या गिरणीतला बिराप्पा खलाशी. कप्तानाला खुर्ची, खलाशाला पोतं. या खेपेला तोटा आला तर खुर्ची बिराप्पाची, असं मीच ऐटीत कबूल केलेलं.

टनाला सहाशे भावानं सुती कापड भरलं. पुण्याला जाताना शिरवळला थांबावं तसं वाटेत इंधनाला थांबलो आणि एका लांबच्या ग्रहावर उतरलो.

"सर, सौदा मी करू का?" बिराप्पा म्हणाला. "आबासंगं मेंढरांच्या बाजारात लय फिरलोय."

"अरे, हे कापड आहे. मागणी-पुरवठा वीस वर्षं शिकवतोय मी."

नानासो तिथले व्यापारी झाले. चकार शब्द न काढता त्यांनी खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकला आणि त्याखाली माझी चार बोटं धरली. बाजारात भाव असा गुपचूप बोटांवर ठरतो, एवढं मी ऐकून होतो. पुढचं विचारायची लाज वाटली. कुणी हात धरला तर आपणही धरावा, हा घरचा संस्कार. मी त्यांची चार बोटं प्रेमानं दाबली.

"झाला सौदा!" नानासो ओरडले. "टनाला चारशे!"

"अहो, मी आपलं सहज..."

"सर, तेवढीच बोटं परत दाबली म्हंजी व्हय म्हटलं," बिराप्पा म्हणाला. "आता मोडता येत न्हाई."

"पण हा दुसरा ग्रह आहे!"

"आवं मास्तर, ग्रह दुसरा असंल," नानासो म्हणाले. "बाजार त्योच हाय."

मी उठलो. बिराप्पा खुर्चीत बसला. पोतं तसं मऊ होतं.

नव्या कप्तानानं मला काढलं मात्र नाही. यानाचा अर्थसल्लागार नेमलं. अट एकच : ग्रहावर उतरताना दोन्ही हात खिशात.

सोमवारी वर्गात 'किंमत कशी ठरते' हा धडा होता. संबंध तास मी हात खिशातच ठेवले.