ज्या खोलीचा आवाज त्या खोलीत

सक्करदऱ्याच्या तलावाकडून येणारा रस्ता कोष्ट्यांच्या वस्तीत शिरला, की घराघरातून मागांची खटखट ऐकू यायची. गिरिधरचं घर अगदी टोकाला. खोल्या एकामागं एक लागलेल्या. पुढं बैठक, तिच्यामागं मागाची खोली, मग स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागं पडवी. माग खड्ड्याचा होता. म्हणजे जमिनीत कमरेइतका खड्डा, विणणारा त्याच्या काठावर बसून पाय आत सोडणार आणि खालच्या पावड्या दाबणार. खड्डा आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस जाईल एवढीच वाट.

त्या वाटेनं गिरिधरची आई मनकर्णाबाई दिवसभर जा-ये करायच्या, आणि त्यांना दिसत नव्हतं.

काचबिंदूनं नजर नेली त्याला बरीच वर्षं झाली होती. सुरुवातीला सून शामला हात धरायला पुढं आली, तर म्हातारीनं हात झटकला. "मले काय वरातीत मिरवून राहिली का वं?" त्यानंतर कोणी हात धरला नाही. मनकर्णाबाई पडवीत चरख्यावर आडव्या सुताच्या कांड्या भरायच्या, भरलेल्या कांड्या टोपलीत घालून मुलाच्या मागापाशी आणून ठेवायच्या, वाटलं तर पुढं बैठकीत जाऊन बसायच्या. भिंतीलासुद्धा हात लावत नसत. लोकांना नवल वाटे. त्यांना स्वतःला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. बैठकीत रेडिओ वाजतो, मधे माग खटखटतो, पुढं भाकर थापली जाते, पलीकडं शेजारच्या विहिरीची कप्पी करकरते. घर कुठं आहे हे घरच सांगत असताना विचारायचं कशाला?

गिरिधरला मात्र एक गोष्ट सलत होती. रेडिओ बैठकीत, आणि मागाच्या आवाजापुढं तो पडवीपर्यंत पोचतच नसे. सकाळची भजनं लागली की आई हातातला चरखा थांबवून, मान तिरकी करून बसे. ते त्याला बघवत नसे.

म्हणून घरभर रेडिओ ऐकू येईल असं काही करायला त्यानं रामाजीला सांगितलं. रामाजी त्याचा लहानपणचा सोबती, लग्नामुंजीत लाऊडस्पीकर लावायचा धंदा. एक दिवस तो सायकलला वायरची भेंडोळी लटकवून आणि कॅरिअरला स्पीकरचे लाकडी डबे बांधून आला.

"कोणाचं लगन हाय गा रामाजी?" मनकर्णाबाईंनी पडवीतून विचारलं.

"तुमचंच माय. नवरदेव पसंत करून ठेवा, मंडप मी टाकतो."

"मेल्या, दात पडले माहे."

"तं नवरदेव बी बिनदाताचा आणू."

दिवसभर भिंतींवर खिळे ठोकले गेले. मनकर्णाबाई सगळं हातानं बघत होत्या. वायर कशी गुळगुळीत, डब्याच्या तोंडावर कापड कसं ताणलेलं. "हे तं आपल्याच मागावरचं दिसते," त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं, शामलानं जुन्या लुगड्याचा तुकडा दिला होता. मागाच्या खोलीत, स्वयंपाकघरात आणि पडवीत एकेक डबा बसला.

रामाजीनं बैठकीत जाऊन जोडणी केली, आणि पडवीत मनकर्णाबाईंच्या डोक्यावर माणूस गाऊ लागला.

त्या दचकल्या. मग उठून, चाचपडत, डब्यावर तळहात ठेवला. कापडाखाली काहीतरी थरथरत होतं, हातात पकडलेल्या चिमणीच्या छातीसारखं. गाणारा कुठं मुंबईला की दिल्लीला, आणि त्याचा श्वास त्यांच्या तळहातावर. त्यांनी दुसऱ्या हातानं पदर डोक्यावर ओढून घेतला, देवळात गेल्यावर घेतात तसा.

"माय, ऐकू येऊन राहिलं का?" गिरिधर ओरडला.

त्यांनी तळहात डब्यावरून काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टोपली घेऊन निघाल्या. गिरिधर सूत आणायला बाहेर गेला होता, माग बंद होता. स्वयंपाकघर ओलांडेपर्यंत ठीक होतं. पुढं गेल्या, आणि घर हरवलं.

तोच आवाज पुढून, तोच मागून, तोच डोक्यावरून. बैठक कुठली, चूल कुठली? त्या वळल्या. वळल्यावर किती वळलो ते कळेना. भिंत असेल म्हणून हात पुढं केला, तर हाताला नुसती हवा. एक पाय उचलला आणि टेकवायला गेल्या, तर टाचेखाली जमीन होती आणि बोटांखाली नव्हती. खालून मातीचा गार वास आला. खड्डा.

टोपली हातातून सुटली. कांड्या खाली पावड्यांवर टपटपत गेल्या. शामलानं धावत येऊन त्यांना मागं ओढलं नसतं तर कांड्यांच्या मागोमाग म्हातारीही गेली असती.

गिरिधर आला, ऐकलं, आणि आधी खड्ड्यात उतरून सांडलेल्या कांड्या वेचल्या. मग म्हणाला, "आजपासून तू एकटी उठायचं नाही माय. शामला तुले हात धरून नेईन. नाहीतं हे डबे आत्ता काढून फेकतो."

"डबे राहू दे," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"मंग हात धराव लागन."

डबा काढला तर भजन जातं, ठेवला तर पाय जातात. ज्यानं एवढ्या हौसेनं डबे लावले त्या लेकाला काय सांगायचं? त्या पडवीतच राहू लागल्या. पाणी हवं तर हाक मारायच्या. शामला हात धरून बैठकीत नेई तेव्हा पाय ओढत चालायच्या, आणि तिला वाटे, सासू आठवड्यात म्हातारी झाली.

रामाजी असाच एकदा डोकावला. "काहून माय, आवाज नाही आवडला?"

"आवाजाले काय झालं, सोन्यासारखा हाय," त्या म्हणाल्या. "पण मले सांग गा रामाजी, उद्या सूर्य चारी बाजूनं उगवला तं तू उगवतीकडं तोंड कसं करशीन?"

रामाजीला आधी कळलं नाही. मग तो पडवीतून उठून घरभर फिरून आला. परत आला तेव्हा त्याचा आवाज हलका झाला होता.

"माय, मंडपात बाया तक्रार करतात, आमच्या डोक्यावरचा आवाज कमी करा. तवा मी त्या एका डब्याले फिरवाचं बटन लावतो. त्यानं त्याच डब्याचा आवाज कमी-जास्त होते, बाकीच्या मंडपाले पत्ता बी लागत नाही."

"मंग आमच्या वेळी काहून नाही लावलं रे मुडद्या?"

"घरच्या घरात तक्रार करणारं कोण असन, वाटलं मले."

सदर बाजारातल्या दुकानातून बटनं आली. प्रत्येक डब्याखाली, मनकर्णाबाईंचा हात पोचेल अशा उंचीवर, एकेक बसलं. गिरिधर म्हणाला, "चला, आता ज्याले जसं पाहिजे तसं."

"ज्याले जसं नाही," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मी सांगते तसं."

त्या बैठकीकडून मागाच्या खोलीच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "शामले, चुलीपाशी कमी कर. आणखी. भाकर थापताना तुह्या बांगड्यांच्या खालीच राहिलं पाहिजे गाणं. हां, बस." पडवीतला आवाज त्याहून बारीक. बैठकीत रेडिओ मोकळा. मग मुलाकडं वळून, "अन् तू मागावरून उठला, की या खोलीचा डबा पुरा बंद कराचा. विणत असला तं वाजव, माग मले सांगते तू कुठं हाय. पण उठला की गप्प."

त्यांनी प्रत्येक बटनाच्या कडेला, जिथवर ते फिरवायचं तिथं, रेशमाची बारीक गाठ चिकटवून घेतली, लुगड्याच्या किनारीची खूण ताण्याच्या उभ्या सुतावर बांधतात तशी. कोणी आवाज वाढवला तर जाताना गाठीवर आणून ठेवायचा.

"चूक झाली तं?" शामलानं विचारलं.

"तं मी खड्ड्यात," म्हातारी म्हणाली आणि हसली. दुसरं कोणी हसलं नाही.

मग त्यांनी पडवीत परत न्यायची रिकामी टोपली उचलली.

गिरिधरनं आपल्या खोलीचा डबा बंद केला. मागं बैठकीतला मोठा आवाज, पुढं चुलीपाशी तोच आवाज लहान झालेला, त्याच्याही पलीकडं पडवीत धाग्यासारखा. गायक एकच, पण घरात वेगवेगळ्या अंतरांवर उभा. आणि मधे, पुढच्या-मागच्या आवाजांच्या मधे, डावीकडं एक जागा होती जिथं काहीच वाजत नव्हतं. खड्डा होता तेवढीच, खड्ड्याच्या आकाराची गप्प जागा. मनकर्णाबाईंना ती इतकी स्वच्छ जाणवली की अंगावर काटा आला. नजर शाबूत होती तेव्हासुद्धा हे घर त्यांनी असं एका दमात, पुढपासून मागपर्यंत, कधी पाहिलं नव्हतं.

त्या चालू लागल्या. घरातल्यांचे श्वास थांबले तेही त्यांना ऐकू आलं. त्या गप्प जागेच्या काठाकाठानं, भिंतीला हात न लावता, त्या चुलीपर्यंत गेल्या, चूल ओलांडून पडवीत पोचल्या आणि टोपली चरख्यापाशी ठेवली.

मागून रामाजीनं नाक ओढल्याचा आवाज आला. "तिखटाचा ठसका," तो कोणालातरी म्हणाला. फोडणी तर कुठंच चालू नव्हती.

थोड्या वेळानं मागाच्या खोलीत कोणाची तरी पावलं वाजली. एक पाऊल, मग थांबणं. मग अर्धं पाऊल. मनकर्णाबाईंनी चरखा थांबवला.

"गिरिधर, डोळे मिटून येऊन राहिला का गा?"

"हो माय." लहानपणी तलावात उतरताना यायचा तसा आवाज. "मले काहीच कळून नाही राहिलं. तू हे रोज... कसं वं माय?"

"उघडू नको डोळे. डाव्या हाताले जिथं काही वाजत नाही, तिकडं जाऊ नको. माह्याकडं ये."

त्यांनी हात वर करून पडवीतलं बटन शोधलं, गाठ ओलांडली, आणि लेकाला नीट ऐकू यावं म्हणून आपल्या डोक्यावरचा आवाज हळूहळू वाढवत नेला.